काचेच्या कपाटातलं वल्हं

वल्हं पाण्यात घातलं तर खराब होईल, असं म्हणणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. आमच्याच घरी, आमच्याच सोफ्यावर बसून तो हे म्हणाला आणि मी त्याला आल्याचा चहा दिला. दिलेला चहा परत मागायची रीत नाही, नाहीतर मी त्याच दिवशी मागितला असता.

हे गृहस्थ म्हणजे आप्पासाहेब. दौलताबादच्या रस्त्याला पडेगाव सोडलं की पुढं आत एक तलाव आहे, तिथल्या जलक्रीडा मंडळाचे ते अध्यक्ष. भरपूर जमीन, भरपूर ओळखी, आणि कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची. स्वतः ते पाण्यात कधी उतरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पण मला सांगायचंय ते माझ्या नणंदेबद्दल, कालिंदीताईंबद्दल. आप्पासाहेब मध्ये येतात, कारण त्यांना मध्ये यायची सवयच आहे.

कालिंदीताई माझ्या नवऱ्याची, केशवची, थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्या आरेखक होत्या. धरणं, कालवे, पाझर तलाव, सगळ्यांचे नकाशे त्यांच्या हातचे. ड्रॉइंग बोर्डावर उजवा हात उंच धरून उमेदीची सगळी वर्षं गेली. पुढं कॉम्प्युटर आले, पण तोवर उजवा खांदा जायचा तो गेलाच होता. निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "वैदेही, आयुष्यभर पाणी निळ्या शाईनं कागदावर रंगवलं. आता एकदा खऱ्या पाण्यावर बसून बघते."

मला वाटलं, पोहायच्या तलावावर जातील. त्या गेल्या मंडळात आणि कयाकमध्ये बसून आल्या. कयाक म्हणजे एकाच माणसाची निमुळती होडी. पाय लांब करून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आडवं धरायचं आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं पाणी मागं सारायचं. आमच्या नातेवाइकांत यावर भरपूर चर्चा झाली. या वयात हे काय खूळ, असं एक मामेसासूबाई माझ्याजवळ म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. त्यांना विचारायची हिंमत कुणाचीच नव्हती, कारण कालिंदीताई उत्तर देतात.

सकाळी पाण्यावरून आल्या की त्या वेगळ्याच दिसायच्या. एरवी दुधाच्या पिशवीला गळती लागली तरी दुधवाल्याची शाळा घेणारी ही बाई ओल्या बुटांनी माझ्या पुसलेल्या फरशीवरून चालत जायची आणि गुणगुणायची. फरशी काय, पुन्हा पुसता येते.

मग खांद्यानं डोकं वर काढलं. मंडळातली वल्ही म्हणजे अल्युमिनियमचे जाड पाइप आणि त्यांना प्लॅस्टिकची थोराड पाती. एक दिवस ताईंना वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता येईना. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, तो अर्ध्यातच थांबला. डॉक्टर म्हणाले, "एकतर वल्हं हलकं करा, नाहीतर वल्हवणं बंद करा. मधला रस्ता नाही."

"बंद करणार नाही," ताई तिथंच म्हणाल्या, आणि घरी येऊन अभ्यासाला लागल्या.

आरेखक बाई ती. गच्चीवर खडूनं खऱ्या मापाची होडी काढली, तिच्यात पाट ठेवून बसल्या आणि केर काढायच्या झाडूच्या दांड्यानं हवेत वल्हवून बघितलं. वल्हं फार लांब झालं तर हात उगाच पसरतात आणि होडी वळत राहते. आखूड झालं तर बोटांची पेरं होडीच्या काठाला घासतात. आपल्या बसत्या उंचीला आणि होडीच्या रुंदीला कुठलं माप बसतं, हे त्यांनी असं ठरवलं. मंडळातली पोरं सांगायची, मोठं पातं घ्या, जोर येतो. ताई म्हणायच्या, "मोठं पातं म्हणजे मोठा घास. माझ्या खांद्याला लहान लहान घास पाहिजेत, जरा जास्त वेळा घेईन." दांडासुद्धा बारीक हवा, कारण त्यांची मूठ लहान आहे, आणि जाड दांडा आवळून धरला की कळ थेट खांद्यापर्यंत जाते. आणि सगळं कार्बन फायबरचं, म्हणजे वजन निम्म्याच्या आसपास.

"निम्म्यानं एवढा काय फरक पडतो?" मी विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं, मंडळातलं वल्हं माझ्या हातात झेंड्यासारखं उभं दिलं आणि आम्ही शहागंजात गेलो. त्यांच्या ओळखीच्या सुक्या मेव्याच्या दुकानात त्यांनी ते वल्हं काट्यावर ठेवायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, "बाजी, इसको कायकू तौल रै? ये तो पकता बी नै." तरी तोललं बिचाऱ्यानं. मग ताईंनी हिशेब केला, जुनं आणि नवं यांत जेवढा फरक, तेवढा खजूर पिशवीत घालायला लावला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"हात पुढं कर. उचल, खाली घे. उचल, खाली घे. आता दोन तास हेच."

असं करत शेजारच्या जिन्सीच्या चौकापर्यंतसुद्धा मी पोचले नसते. अर्धा किलो खजूर दर फटक्याला उचलायचा, हे मला तिथं कळलं, आणि तो खजूर खाताना आम्ही दोघी हसलो. त्यानंतर बरेच दिवस हसायचा प्रसंग आला नाही.

ताई वल्हं स्वतःच विकत घेणार होत्या. आप्पासाहेबांच्या कानावर गेलं आणि ते म्हणाले, "छ्या छ्या, ताई, आमी असताना तुमी कशाला? आन मंडळाचा नियमच हाय, मंडळाच्या पाण्यावर मंडळाचंच सामान." वाळूजचे कुणी कारखानदार मंडळाला भेट द्यायला तयारच होते. ज्येष्ठ महिला खेळाडूसाठी हलकं वल्हं, हे त्यांनाही ऐकायला छान वाटलं. ताईंनी माप दिलं, पात्याचा आकार दिला, दांड्याची जाडी दिली. वल्हं आलं. कार्यक्रम झाला. हार, तुरे, प्रास्ताविक, आभार, आणि आभारानंतर आणखी दोघांची मनोगतं. व्यासपीठावर ताईंच्या हातात ते काळं, सडपातळ वल्हं दिलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि हवेत दोन फटके मारले, डावा, उजवा. खांदा दुखला नाही, हे मला खाली बसून दिसलं. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस बद्रीनाथ पुढं आले आणि पुढच्या फोटोसाठी वल्हं त्यांच्या हातातून घेऊन गेले.

ते गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी ताई तलावावर गेल्या तर वल्हं ऑफिसातल्या काचेच्या कपाटात होतं. दोन ढाली, एक समई, आणि मध्ये आडवं वल्हं. कुलूप, आणि किल्ली आप्पासाहेबांकडं.

तेव्हा आप्पासाहेब आमच्या घरी आले होते. तेव्हाच तो चहा.

"आप्पासाहेब, वल्हं आहे ते," ताई म्हणाल्या.

"व्हय, मी कुठं नाय म्हन्तो? पर लई नाजूक चीज हाय. एका बोटावर उचलतंय. पाण्यात घातलं आन खराब झालं म्हंजे? देणाऱ्याला काय वाटंल? दसऱ्याला काढू की, तवर सवयीचं हाय तेच चालू द्या."

"नवी चप्पल घालून कुणी लांबच्या लग्नाला जात नाही. हाताला सवय व्हायला पाहिजे त्याची."

"व्हईल, व्हईल," म्हणत आप्पासाहेबांनी बशीतला चहा संपवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याकडं चांगली वस्तू आली की तिचं पहिलं काम म्हणजे बंद होणं. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की म्हणायचं, अहो, कशाला काढलंत, ठेवून द्या. केशवनं टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. बटणं दिसेनाशी झालीत, अंदाजानं दाबतो. चला, रिमोटचं ठीक आहे. रिमोटनं धूळ खाल्ली म्हणून कुणाचा खांदा निखळत नाही. पण एका बाईनं आपल्या दुखऱ्या हाताला मोजून, मापून निवडलेली वस्तू तिच्याच डोळ्यांसमोर काचेत ठेवायची आणि तिला सांगायचं की सवयीचं चालू दे, याला काय म्हणावं? मी याला शुद्ध लबाडी म्हणते. आप्पासाहेबांना ती लबाडी वाटत नव्हती, जपणूक वाटत होती, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

आणि बरं, ते काचेतच राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण येईल त्या पाहुण्यासाठी कुलूप उघडायचं. "बघा साहेब, उचलून बघा." साहेब उचलायचे आणि म्हणायचे, "अरे वा, किती हलकं!" एका पुढाऱ्यानं ते गदेसारखं खांद्यावर टाकून फोटो काढला. एका अधिकाऱ्याच्या बायकोनं ते दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "पडद्याच्या दांड्याला असंच मिळतं का हो कुठं?" सगळ्या गावानं ते वल्हं हातात घेतलं. फक्त कालिंदीताई खांद्याला गरम पट्टा बांधून अल्युमिनियमचा तो गज ओढत होत्या. दर आठवड्याला मागायच्या, दर आठवड्याला दसरा ऐकून परत यायच्या. गुणगुणणं बंद झालं. मी पोळ्या लाटताना त्या शेजारी उभ्या राहून डाव्या हातानं तूप लावायच्या.

दसऱ्याचं असं, की मंडळात त्या दिवशी सीमोल्लंघन करतात. सकाळी सगळे वल्हवत तलावाच्या पलीकडच्या काठाला जातात, तिथल्या आपट्याची पानं तोडतात आणि परत येऊन अलीकडच्यांना सोनं देतात. कालिंदीताईंना यंदा जायचंच होतं. "एकदा पलीकडं जाऊन आले की मग डॉक्टर म्हणतील ते," त्या म्हणाल्या. हे ऐकून मी समजले, की परत आल्यावर वल्हवणं सोडायची त्यांनी मनाची तयारी केलीय.

खंडेनवमीला मंडळानं शस्त्रपूजन केलं. चौरंगावर ते वल्हं, त्यावर हळदकुंकू, आणि मधल्या भागाला झेंडूची जाडजूड माळ, गुंडाळून गुंडाळून. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तेच वल्हं माळेसकट प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते ताईंना दिलं. फोटो झाले. ताई होडीत बसल्या. काठापासून जरा आत गेल्यावर त्यांनी माळ तोडून पाण्यात सोडली आणि वल्ह्याकडं बघत थांबल्या. बाकीच्या होड्या पुढं निघून गेल्या तरी त्या तिथंच.

"काय झालं?" मी काठावरून ओरडले. त्यांनी वल्हं उंच धरलं. मधोमध काहीतरी पिवळंधमक चमकलं.

मी बद्रीनाथांना गाठलं. त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

"पाटी ना, वहिनी? पितळी हाय, खास घडवून घेतली. 'मंडळास सप्रेम भेट', देणाऱ्याचं नाव, पाहुण्यांचं नाव, आप्पासाहेबांचं नाव, सगळं बसवलं. लई टणक चीज हाय पर. भोकं पाडताना ड्रिलचं टोक मोडलं."

"तुम्ही वल्ह्याला भोकं पाडलीत?"

"मग पाटी कशी बसनार?" बद्रीनाथांनी मलाच विचारलं.

देवळातल्या घंटेवर, बाकांवर, पंख्याच्या पात्यांवर, जिथं तिथं आपण सप्रेम भेट लिहितो. घंटेला त्याचं काही वाटत नाही. पण कार्बनच्या पोकळ दांड्याला चार भोकं पाडली की तो दांडा राहत नाही, हे मला झाडूच्या दांड्यावरून शिकलेल्या माणसालाही कळतं. आणि त्या वीतभर पाटीवर सगळ्यांची नावं होती. जिच्यासाठी वल्हं आणलं, तिचं तेवढं नव्हतं.

मी मागं वळून हातवारे केले, परत या म्हणून. ताईंनी मला बघितलं, आणि पलीकडच्या काठाकडं तोंड करून वल्हवायला सुरुवात केली.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. तलावाच्या मध्यावर वाऱ्यानं होडी आडवी व्हायला लागली म्हणून त्यांनी जरा जोर लावला, तर वाळलेली शेंग मोडावी तसा बारीक आवाज आला आणि वल्ह्याचे दोन तुकडे हातात आले. पाटीच्या कडेच्या भोकातूनच मोडलं होतं. मदतीची मोटारबोट म्हणाल तर ती प्रमुख पाहुण्यांना घेऊन फोटो काढत तलावाच्या दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होती. ताईंनी हाक मारली, पण लाउडस्पीकरपुढं कुणाला ऐकू जाणार?

मला काठावरून एवढंच दिसलं, की होडी थांबली. मी मंडपात धावले. तिथं सत्कार सुरू झाले होते. बद्रीनाथ "वहिनी, बसा, बसा" करत राहिले. आणि माइकवरून आप्पासाहेबांनी पुकारलं, "आता आपल्या कालिंदीताईंचा सत्कार. ताई, या फुडं." कुणीच आलं नाही. आप्पासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं, "बरं, त्यांचं मागून करू," म्हणाले आणि पुढच्याचं नाव घेतलं. बाई पाण्यात अडकलीय, आणि हे म्हणतात मागून करू! मी तिथं जी ओरडले, त्यातलं सगळं इथं लिहिता येणार नाही. त्यानंतर बद्रीनाथ बोट बोलवायला पळाले.

बोटीची गरज पडली नाही. ताईंनी पाटीचा तुकडा पायाशी ठेवला, दुसरा अर्धा उचलला, डावा हात मोडक्या टोकावर वर, उजवा खाली पात्याजवळ, आणि नुसतं उजव्या बाजूला वल्हवायला लागल्या. फटका संपताना पातं किंचित बाहेर वळवलं की होडी सरळ राहते, हे त्यांना तिथल्या तिथं जमलं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की उजवा हात खांद्याच्या वर उचलावाच लागत नाहीये. दुखत नव्हतं. पलीकडं गेल्या, आपटा तोडला आणि सगळ्यांच्या मागून, एकट्या, परत आल्या.

ओल्या कपड्यांनी त्या सरळ व्यासपीठावर गेल्या. आप्पासाहेबांनी दोन तुकडे बघितले आणि कपाळाला हात लावला.

"मोडलंत व्हय, ताई? म्हनून म्हनत होतो, पाण्यात घालू नका!"

मंडपात पाच-दहा माना हललेल्या मी या डोळ्यांनी बघितल्या. त्यांना ते पटलं होतं.

कालिंदीताई, ज्या दुधवाल्यालाही सोडत नाहीत, त्या अजिबात चिडल्या नाहीत. त्यांनी आधी रीतीप्रमाणं आपट्याचं पान आप्पासाहेबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "सोनं घ्या." मग त्यावर पाटीचा तुकडा ठेवला. "आणि हे तुमचं. पाटी नीट आहे, बघून घ्या."

"आन ते दुसरं?"

"हे माझं."

"अर्धं नेऊन काय करनार, ताई?"

"वल्हवणार," ताई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. सत्काराची शाल खुर्चीवर तशीच राहिली. मी मात्र जाता जाता आप्पासाहेबांना सांगितलं, की आता चहाला आमच्याकडं येऊ नका.

शहागंजातल्या एका सुतारानं मोडक्या टोकाला सागवानी मूठ बसवून दिली. डॉक्टरांनी हे सगळं ऐकलं, ताईंना गच्चीवरच्यासारखं वल्हवून दाखवायला लावलं, खांद्यावर बोटं ठेवून बघितलं आणि म्हणाले, "हे चालू ठेवा." आता त्या रोज सकाळी जातात. मंडळाच्या पाण्यावर मंडळाचंच सामान, असं बद्रीनाथ एकदा म्हणायला लागले होते, पण मी सोबत होते, त्यामुळं वाक्य अर्धंच राहिलं. माझी फरशी पुन्हा ओली असते, आणि वरच्या जिन्यातून गुणगुणणं ऐकू येतं.

आणि काचेच्या कपाटातही वल्हं आहेच. पाटीचा तुकडा पुन्हा तिथं ठेवलाय. मोडकं टोक ढालीमागं दडवलंय, पाटी तेवढी घासूनपुसून लखलखीत. पाहुणे आले की अजून कुलूप उघडतात. मागच्या आठवड्यात माझ्यासमोरच एका साहेबांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "अरे वा, किती हलकं!"

हलकं असणारच. दुसरं अर्धं पाण्यात आहे.